सुई टोचताना बाळ आईच्या छातीशी हवं

बाळंतपण सुखरूप झालं, बाळ निरोगी आहे, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला निदान तीनदा सुई टोचली जाते. जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के, कारण ते नसेल तर नवजात बाळाला आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस. घरी सोडण्याआधी डाव्या दंडावर बीसीजी. पुष्कळ रुग्णालयांत टाचेला टोचून थायरॉईडच्या तपासणीसाठी रक्त घेतात. आईला मधुमेह असला किंवा बाळाचं वजन कमी भरलं तर साखर तपासायला टाच पुन्हापुन्हा टोचावी लागते. कावीळ दिसली की आणखी रक्त. या सगळ्या सुया गरजेच्या आहेत, त्यांतली एकही दुखेल म्हणून टाळू नये. पण टोचायचंच आहे म्हणून बाळानं दुखणं सोसायलाच हवं असं नाही. ते कमी करण्याचे उपाय आहेत, त्यांना पैसा लागत नाही, औषध लागत नाही आणि त्यांतला सगळ्यात चांगला उपाय बाळाच्या आईकडेच असतो.

आपल्याकडे होतं नेमकं उलटं. सिस्टर येतात, बाळाला आईजवळून उचलून दुसऱ्या खोलीत नेतात, थंड टेबलावर उताणं ठेवतात, एकजण पाय धरतो, दुसरा टोचतो. पाच मिनिटांनी रडून लालबुंद झालेलं बाळ परत आणून देतात आणि म्हणतात, आता पाजा. जे आधी करायचं ते नंतर होतं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. गर्दी असते, घाई असते, आणि आईसमोर टोचलं तर आई घाबरेल असाही एक समज असतो. शिवाय घरातली वडीलधारी मंडळी समजूत घालतात, ‘रडू दे गं, रडल्यानं छाती मोकळी होते.’ जन्मल्याबरोबरचं पहिलं रडणं वेगळं, तेव्हा फुप्फुसांत हवा भरायची असते. सुई टोचल्यावरच्या रडण्यानं छाती मोकळी होत नाही. ते दुखल्याचं रडणं असतं.

बाळाला खरंच दुखतं का, असा प्रश्न आज कुणी विचारला तर नवल वाटेल, पण फार जुनी गोष्ट नाही. 1980च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या मोठमोठ्या रुग्णालयांतसुद्धा अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना वेदनाशामक औषध पुरेसं दिलं जात नसे. त्यांचे मज्जातंतू अजून पिकलेले नाहीत, त्यांना वेदना जाणवतच नाहीत, असं डॉक्टर मानत. हा समज मोडण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी 1987 साली दाखवून दिलं की शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. दहा वर्षांनी, 1997 साली, टोरोंटोच्या अ‍ॅना टॅडिओ यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. जन्मानंतर लगेच भूल न देता सुंता झालेले मुलगे चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतर मुलग्यांपेक्षा जास्त कळवळतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे बाळाला आठवत नसलं तरी त्याचं शरीर काहीतरी लक्षात ठेवतं.

अतिदक्षता विभागातल्या बाळांची स्थिती तर अधिक कठीण. पॅरिस परिसरातल्या रुग्णालयांत 430 बाळांची नोंद ठेवून 2008 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर बाळामागे दर दिवशी सरासरी सोळा वेळा काही ना काही वेदना किंवा त्रास देणारी प्रक्रिया होत होती. त्यांतल्या बहुतेक वेळी वेदना कमी करण्यासाठी खास काहीच केलं गेलं नव्हतं.

बाळाचं दुखणं ओळखायचं कसं? रडण्यावर जाऊ नका, चेहऱ्याकडे बघा. टाचेला सुई लागते त्या क्षणी दोन्ही भुवया खाली येऊन त्यांच्यामध्ये फुगवटा येतो. डोळे घट्ट मिटतात, पापण्यांच्या कडा आत ओढल्या जातात. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांपर्यंत जाणारी घडी खोल होते. तोंड उघडतं, पण आवाज यायला क्षणभर वेळ लागतो. बोटं फाकतात, नाहीतर मूठ घट्ट होते, पाय ताठ होतो. डॉक्टर बाळाच्या वेदना मोजतात तेव्हा भुवया, डोळे आणि नाकाजवळची घडी या तीनच गोष्टी चेहऱ्यावर पाहतात आणि त्यांना नाडीच्या वेगाची व रक्तातल्या ऑक्सिजनची जोड देतात. फार लवकर जन्मलेलं बाळ कित्येकदा रडतच नाही. त्याच्यात तेवढं बळ नसतं. ते गप्प, शिथिल पडून राहतं आणि आजूबाजूच्यांना वाटतं, किती शहाणं बाळ आहे. अशा बाळाला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते.

आता मुख्य उपायाकडे येते. सुई टोचताना बाळ अंगावर पीत असावं. आधी पाजून झालेलं नको, नंतर पाजू असंही नको, टोचताना पीत असावं. अमेरिकेत 2002 साली झालेल्या एका अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांच्या टाचेचं रक्त घेताना काहींना आई पाजत होती आणि काही दुपट्यात गुंडाळून पाळण्यात होती. पिणाऱ्या बाळांचं रडणं जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी भरलं. फ्रान्समधल्या 180 बाळांच्या 2003च्या अभ्यासात आणखी बारकाई होती. काही बाळं पीत होती, काही नुसती आईच्या हातांत होती, काहींना पाणी दिलं होतं, काहींना साखरेचं द्रावण देऊन चोखणी दिली होती. पिणाऱ्या बाळांना दुखलं कमी, आणि साखर-चोखणीवाल्यांनाही कमी. पण नुसतं हातांत घेतलेल्या बाळांना जवळजवळ पाणी दिलेल्यांइतकंच दुखलं. म्हणून ‘मी जवळ होते की’ एवढ्यावर समाधान मानू नये. तोंडात स्तन हवा, किंवा अंगाला अंग लागलेलं हवं.

हे एवढं प्रभावी का ठरतं? त्यात बरंच काही एकत्र येतं. चोखण्याची लय बाळाला शांत करते. दुधाची गोडी मेंदूतली नैसर्गिक वेदनाशामक यंत्रणा जागी करते. आईचा वास, तिची ऊब, कानाशी ओळखीचे ठोके. बाटलीत किंवा वाटीत काढलेलं दूध हे सगळं एकट्यानं करू शकत नाही, म्हणून त्याचा परिणाम अंगावर पाजण्यापेक्षा बराच कमी पडतो.

करायचं कसं ते नीट सांगते, कारण यात घाई केली की फसतं. सुईच्या आधी निदान चार-पाच मिनिटं बाळाला छातीशी घ्या. त्यानं स्तनाग्राभोवतीचा काळा भाग नीट तोंडात घेतला आहे, गाल फुगलेले आहेत, लयीत ओढतंय आणि गिळल्याचा आवाज येतोय, एवढं दिसलं की मगच सिस्टरना खूण करा. नुसतं तोंड लावलं आणि लगेच टोचलं तर उपयोग थोडा. टोचल्यावर बाळ क्षणभर तोंड सोडेल, किंचाळेल, घाबरू नका. स्तन तिथेच असू द्या, बहुतेक बाळं स्वतःच परत तोंड लावतात. टोचून झाल्यावरही चार मिनिटं पाजत राहा.

कुठल्या बाजूला पाजायचं, यालाही महत्त्व आहे आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मांडी घालून नेहमीसारखं आडवं घेऊन डाव्या स्तनाला पाजता तेव्हा बाळाची डावी बाजू वर असते. हिपॅटायटिस बीची लस मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सहसा डाव्या मांडीत, आणि बीसीजी डाव्या दंडात देतात. म्हणजे डाव्या स्तनाला पाजत बसलात तर सिस्टरना दंड आणि मांडी दोन्ही सहज मिळतात. लंगोट-दुपटं आधीच सैल करा, झबल्याची डावी बाही काढून ठेवा. बीसीजी कातडीच्या अगदी वरच्या थरात द्यायची असते, हात हलला तर नीट बसत नाही, म्हणून दंड खालून अलगद पण पक्का धरायला जवळच्या एखाद्या माणसाला सांगा. पुढे सहाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकलची लस उजव्या मांडीत आणि पोलिओची सुई उजव्या दंडात असते. तेव्हा मध्ये बाजू बदलावी लागेल. बदलताना बाळाला पुन्हा लयीत येऊ द्या, मग दुसरी सुई.

दोन शंका हमखास येतात. पीत असताना टोचलं तर ठसका लागेल, दूध श्वासनलिकेत जाईल, अशी एक. अभ्यासांत असा धोका दिसलेला नाही. बाळ नैसर्गिकरीत्या गिळणं आणि श्वास घेणं सांभाळतं आणि दुखल्यावर तोंड सोडून देतं. दुसरी शंका अशी की बाळाला दूध आणि दुखणं यांची सांगड बसेल आणि ते अंगावर प्यायचं सोडेल. तसंही आढळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली लसीकरणाच्या वेदना कमी करण्याबद्दल जी भूमिका जाहीर केली, तिच्यात लसीकरणाच्या वेळी किंवा त्याच्या थोडं आधी अंगावर पाजण्याची शिफारस आहे.

बाळ अजून नीट ओढत नसेल, किंवा ते अपुऱ्या दिवसांचं असून नळीनं दूध घेत असेल, तर कांगारू पद्धत हाताशी आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या म्हणून ती सुरू केली. आज महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांतही ती शिकवतात. आईनं ब्लाउज किंवा गाऊन पुढून उघडायचा, बाळाला फक्त लंगोट आणि टोपी ठेवून दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, मान एका बाजूला, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, वरून चादर. टोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं असं बसलं तरी पूर्ण दिवसांच्या बाळांच्या रडण्यात मोठा फरक पडल्याचं आढळलं आहे. टाचेचं रक्त घ्यायला ही बैठक उत्तम, कारण बाळाचा पाय खाली मोकळा राहतो आणि सिस्टर खुर्चीवर बसून शांतपणे रक्त घेऊ शकतात.

आईचं सिझेरियन झालंय, ती अजून शुद्धीवर नीट आलेली नाही, किंवा दुसऱ्या रुग्णालयात आहे, असं अनेकदा होतं. तेव्हा बाबांनी शर्ट काढावा आणि बसावं. अनेक वडील संकोचतात, वॉर्डात सासूबाई असतात, लोक बघतात. एक पडदा ओढला की हा प्रश्न सुटतो. आजी, मावशी, आत्या यांनीही घ्यायला हरकत नाही, मात्र सर्दी-खोकला नको आणि हात साबणानं धुतलेले हवेत.

पेटीतल्या, सलाईन लावलेल्या बाळाला बाहेर काढता येत नसेल तरीही हात जोडून उभं राहायची गरज नाही. एक तळहात बाळाच्या डोक्यावर टोपीसारखा ठेवा, दुसरा हात त्याच्या पायांखाली असा की गुडघे पोटाशी दुमडलेले राहतील आणि हात तोंडाजवळ येतील. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, हात हलवायचे नाहीत, नुसते स्थिर ऊबदार ठेवायचे. पोटात होतं तेव्हा बाळ असंच मुटकुळं करून होतं. सुईच्या आधीपासून ते श्वास संथ होईपर्यंत हात तसेच ठेवा. थोपटल्यानं फार लहान बाळं उलट बिथरतात, हे लक्षात असू द्या. त्याच वेळी नखं कापलेलं, धुतलेलं बोट किंवा हातमोजा घातलेलं बोट चोखायला दिलं तर आणखी चांगलं. दुपट्यात गुंडाळून फक्त टोचायचा पाय किंवा हात बाहेर ठेवणं हाही साधा उपाय, पण दुपटं कमरेखाली सैल हवं. पाय सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याला इजा होऊ शकते.

साखरेच्या द्रावणाबद्दल सावध करते, कारण यात गल्लत होते. रुग्णालयात चोवीस टक्के सुक्रोजचं किंवा पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजचं निर्जंतुक द्रावण काही थेंब जिभेवर, सुईच्या साधारण दोन मिनिटं आधी देतात. बाळ कमी रडतं हे अनेक अभ्यासांत सिद्ध झालं आहे. 2010 साली एका ब्रिटिश गटानं मेंदूच्या लहरी मोजल्या, तेव्हा मेंदूपर्यंत पोहोचणारा वेदनेचा संदेश मात्र साखरेनं कमी झालेला दिसला नाही. म्हणून माझं मत असं की जिथे आई पाजू शकते तिथे साखरेला पुढे करू नये. आणि ते द्रावण डॉक्टरांनी मोजून द्यायचं आहे. घरी साखरपाणी, गूळपाणी, बाळघुटी किंवा मध चाटवून लसीला न्यायचं नाही. मधात बॉट्युलिझमची जंतुबीजं असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यानं जिवावरचा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, हा नियम लसीच्या दिवशीही लागू आहे.

सुई धरणाऱ्या हाताकडेही थोडं आहे. मांडीत लस देताना सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायची जुनी पद्धत आता गरजेची मानत नाहीत, त्यानं सुई आत जास्त वेळ राहते आणि जास्त दुखतं. एकाच दिवशी तोंडावाटेचा डोस आणि इंजेक्शनं असतील तर तोंडाचा डोस आधी. इंजेक्शनांपैकी जे जास्त झोंबतं ते शेवटी. टाचेला टोचायचं तर टाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडेला, मागच्या गोलाईला कधीच नाही, आणि स्प्रिंगच्या लॅन्सेटनं हातातल्या साध्या सुईपेक्षा कमी दुखतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं जास्त रक्त हवं असेल तर टाच पिळण्यापेक्षा कुशल हातानं शिरेतून घेतलेलं बरं, कारण टाचेच्या रक्तात टोचण्यापेक्षा पिळण्याचाच त्रास मोठा असतो. आईवडिलांनी एक गोष्ट जरूर विचारावी: आज सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांचं रक्त एकाच वेळी घेता येईल का? पुष्कळदा घेता येतं, कुणी विचारत नाही म्हणून दोनदा टोचलं जातं.

टोचून झाल्यावर त्या जागेवर चोळू नका, खोबरेल लावू नका, शेक देऊ नका, हळदही नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो फुटतो, खपली धरते आणि व्रण राहतो. तो लस लागू झाल्याचा मार्ग आहे, त्यावर मलम लावायचं नाही आणि तो पिळायचा नाही. दुखू नये म्हणून लसीच्या आधीच पॅरासिटामॉलचे थेंब पाजायची सवय काही घरांत आहे, तीही सोडा. सहाव्या आठवड्याच्या लसीनंतर ताप येऊ शकतो, त्यासाठी किती थेंब द्यायचे ते आरोग्यसेविका सांगतात, तेवढेच द्या. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र ताप आला, किंवा ते प्यायचं थांबलं, तर लसीमुळे असेल म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं घडायला बोलावं लागतं, आणि बाळंत झालेल्या बाईला त्या क्षणी बोलायचं बळ नसतं. म्हणून आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांना सांगून ठेवा आणि सोबत येणाऱ्या माणसाला पाठ करायला लावा: ‘सिस्टर, बाळाला टोचायचं असेल तेव्हा पाच मिनिटं आधी सांगा, आई पाजत असताना टोचूया.’ अजिजीनं नको, भांडून नको, साध्या शब्दांत. बहुतेक सिस्टर ऐकतात. एकीनं नाही म्हटलं तर बाळरोगतज्ज्ञांना विचारा. बाळाचा जीव धोक्यात आहे, लगेच रक्त हवं आहे, अशा वेळी मात्र अडवू नका, बाजूला उभं राहून डोक्याखाली आणि पायांखाली हात देता आला तर द्या.

रुग्णालय चालवणाऱ्यांना आणि उपकेंद्रातल्या ताईंना एक विनंती आहे. लसीकरणाच्या टेबलाशेजारी पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची आणि एक पडदा ठेवा. दहा आया रांगेत असतील तर पहिलीला टोचताना दुसरीला पाजायला बसवा, म्हणजे वेळ वाया जात नाही.

आणि आयांनो, सहाव्या आठवड्याच्या डोसाला निघताना बाळाला घरून अगदी पोटभर पाजून नेऊ नका. थोडी भूक शिल्लक असलेलं बाळ तिथे छातीला चटकन लागतं. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, ओढणी जवळ ठेवा, लसीचं कार्ड आधीच हातात द्या, आणि बाळ लयीत पिऊ लागेपर्यंत ‘एक मिनिट थांबा’ असं सांगायला संकोचू नका.